प्रामाणिक, पण ‘डिसऑब्लायजिंग’: एका शेऱ्याच्या भाषांतराचं प्रकरण

इंग्रजी कागदपत्रं मराठीत आणून देणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. खरेदीखतं, दाखले, मृत्युपत्रं, कोर्टाचे निकाल. गेल्या वर्षी एका घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम आलं. पुस्तक त्यांचं तेच लिहीत होते. मला फक्त त्यातले जुने इंग्रजी कागद पाहायचे होते. ज्यांनी कुलवृत्तांत चाळले आहेत त्यांना ठाऊक असेल, की प्रत्येक पुरुषाच्या वाट्याला चार-पाच ओळी येतात. जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह, अपत्ये आणि शेवटी स्वभावाचं एक वाक्य. ‘धार्मिक वृत्तीचे होते’, ‘बाणेदार होते’, नाहीतर ‘मनमिळाऊ होते’. कुलवृत्तांतात गेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊच असतो. हे प्रकरण त्या शेवटच्या वाक्याचं आहे.

ज्यांच्याबद्दल ते वाक्य होतं त्यांना घरात तात्या म्हणत. मीही तेच म्हणते. ते वऱ्हाडातल्या एका स्टेशनावर गुड्स क्लार्क होते, म्हणजे मालधक्क्यावरचे कारकून. हंगामात जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या कापसाच्या गाठी बैलगाड्यांनी धक्क्यावर यायच्या. त्यांची मोजणी करायची, वाघिणींची मागणी वर कळवायची, माल चढला की बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडून द्यायची. त्या काळची गाठ साधारण ४०० पौंडांची, आणि एकेका व्यापाऱ्याच्या शेकड्यांनी गाठी. धक्क्यावरच्या कारकुनाच्या हातात किती सत्ता असायची हे सांगायला नको.

तात्यांच्या सर्व्हिस शीटचा, म्हणजे नोकरीतल्या नोंदींच्या कागदाचा, फोटो मला मोबाइलवर आला. कागद घडी घातलेला आणि वर पंख्याची सावली. १९३८ सालच्या रकान्यात डिस्ट्रिक्ट ट्रॅफिक सुपरिंटेंडंटच्या हातची तिरकी ओळ होती: ‘ऑनेस्ट अँड हार्डवर्किंग बट डिसऑब्लायजिंग.’ पुढचं घडीत गेलं होतं. घरच्यांनी मजकूर आधीच तयार केला होता. ‘प्रामाणिक, कष्टाळू व कुणाच्याही उपकारात न राहणारे, असा त्यांचा गौरव खुद्द इंग्रज साहेबाने केला आहे.’ माझ्याकडून त्यांना फक्त होकार हवा होता.

‘बरोबर आहे ना, मॅडम?’ तात्यांचे नातू फोनवर म्हणाले. सदुसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ‘ऑब्लाइज म्हणजे उपकार. डिस म्हणजे नाही. सरळ आहे.’

सरळ नव्हतं. पण ते म्हणत होते त्यातला एक शब्दही अडाणीपणाचा नव्हता, आणि म्हणून हे प्रकरण मला लिहून ठेवावंसं वाटलं.

आपला ‘ऑब्लाइज’

माझ्या पिढीतल्या मुलांना हा शब्द पहिल्यांदा भेटला तो शाळेच्या रजेच्या अर्जात. ‘काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज अँड ऑब्लाइज.’ अर्थ कुणी सांगितला नाही. खाली सही करण्याआधी तो लिहायचाच असतो एवढंच कळलं होतं. पुढे मोठं झाल्यावर तो मराठीत मिसळला. ‘त्याने मला ऑब्लाइज केलं’, ‘मला कुणाचं ऑब्लिगेशन नको’, ‘साहेबांना ऑब्लाइज करावं लागतं’. या तिन्ही वाक्यांत उपकाराचा वास आहे, आणि तिसऱ्यात तर उपकारापेक्षा जास्त काही आहे. सरकारी कचेरीत ‘ऑब्लाइज करा’ म्हणताना आवाज खाली येतो.

असा ‘ऑब्लाइज’ ज्याच्या कानात बसला आहे त्याला ‘डिसऑब्लायजिंग’ कारकून म्हणजे काय वाटणार? जो कुणाला ऑब्लाइज करत नाही तो. म्हणजे सरळमार्गी, कुणाच्या खिशात न जाणारा. नातवांनी केलेला अर्थ आपल्याकडच्या इंग्रजीला धरूनच होता. गोम एवढीच, की तो शेरा आपल्याकडच्या इंग्रजीत लिहिलेला नव्हता.

शब्दाचं मूळ लॅटिन. ‘लिगारे’ म्हणजे बांधणे. शरीरातल्या हाडांना बांधून ठेवतात ते लिगामेंट याच घरातले. उपकाराने माणूस बांधला जातो ही कल्पना आपल्यालाही नवी नाही. ‘ऋणानुबंध’ म्हणताना आपण तीच दोरी वापरतो. इंग्रजीत ‘ऑब्लाइज’चे दोन फाटे झाले. एक सक्तीचा, म्हणजे कायद्याने किंवा वचनाने बांधणे. दुसरा सौजन्याचा, म्हणजे एखाद्याची छोटीशी सोय करून देणे. ‘ऑब्लायजिंग’ हे विशेषण दुसऱ्या फाट्यावरचं. जो मागितलं तर हात पुढे करतो, चार पावलं जास्त चालतो, कपाळाला आठी घालत नाही, तो ऑब्लायजिंग. आणि ‘डिसऑब्लायजिंग’ त्याच्या उलट: करता येण्यासारखं असून न करणारा, किंवा केलंच तर समोरच्याला मेहेरबानी वाटेल अशा तोऱ्यात करणारा.

नातवांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ‘डिसऑब्लाइज’ या क्रियापदाला सतराव्या शतकात ‘बंधनातून मोकळं करणे’ असाही अर्थ होता. त्या अर्थाने ‘कुणाच्या उपकारात नसलेला’ हे भाषांतर तसं फार लांबचं नाही. पण तो अर्थ लवकरच मागे पडला. मग ‘दुखावणे, नाराज करणे’ आणि ‘सोय न करणे’ हे अर्थ चालले. १९३८ साली वऱ्हाडात फिरतीवर असलेल्या एका रेल्वे अधिकाऱ्याच्या लेखणीत सतराव्या शतकातला अर्थ असणं शक्य नाही.

थोडं विषयांतर करते, कारण हा तपशील हाती आला आणि सोडवत नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये एकाच माणसाला बसता येईल अशी घोडागाडी असायची, आणि तिला म्हणत ‘देझोब्लिजांत’. याच शब्दाची फ्रेंच बहीण. मालकाला कुणाला ‘चला, सोडतो’ म्हणण्याची सोयच नाही, म्हणून हे नाव. लॉरेन्स स्टर्नच्या १७६८ सालच्या प्रवासपुस्तकात कॅलेच्या खाणावळीच्या अंगणात अशी एक गाडी उभी आहे, आणि प्रवासी तिच्यात बसून पुस्तकाची प्रस्तावना लिहितो. मला हा शब्द समजला तो कोशांपेक्षा या गाडीमुळे जास्त. गाडीने कुणाचं वाईट केलेलं नाही, कुणाचा रस्ता अडवलेला नाही. फक्त तिच्यात दुसऱ्याला जागा नाही.

शेजारचे शब्द

मदत न करणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत विशेषणांचा तोटा नाही, आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मालधक्क्यावरच एक प्रसंग धरू. संध्याकाळी सव्वासहाला एक हुंडेकरी, म्हणजे माल पोचवण्याचा मक्ता घेणारा, धापा टाकत येतो. सहाला धक्का बंद झाला आहे. त्याच्या दोन गाड्या माल बाहेर उभा आहे आणि आभाळ भरून आलं आहे.

कारकून म्हणाला, ‘नियम बोर्डावर आहेत, वाचा’, तर तो ‘अनहेल्पफुल’. या शब्दात दोष द्यायची फारशी ताकद नाही. सल्ला, पाटी, नकाशा, काहीही अनहेल्पफुल असू शकतं. हेतूची गरज नाही. (ब्रिटिश लोक खूप चिडले की मुद्दाम हाच मवाळ शब्द वापरतात, ती गोष्ट वेगळी.) वरून चौकशी आली आणि कारकुनाने रजिस्टर दाखवायला टाळाटाळ केली, तर तो ‘अनकोऑपरेटिव्ह’, दोघांनी मिळून करायच्या कामातून त्याने अंग काढलं. धक्क्याच्या फाटकाला त्याने साखळी लावली आणि किल्ली घरी नेली, तर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’. याचं लॅटिन मूळच वाटेत काहीतरी रचून ठेवण्याचं आहे. नियमात बसत असूनही निव्वळ समोरच्याची जिरवायची म्हणून तो अडून बसला, तर आजचा ब्रिटिश माणूस ‘ब्लडी-माइंडेड’ म्हणेल. शेक्सपिअरच्या नाटकात राणी मार्गारेटला हे विशेषण लागलं ते रक्ताला चटावलेली या अर्थाने. ते आडमुठेपणावर उतरलं विसाव्या शतकात.

आणि ‘डिसऑब्लायजिंग’ केव्हा? समोरच्याने विनंती केलेली हवी. ती छोटी हवी. पुरी करणं कारकुनाच्या हातात हवं. आणि ते त्याचं कर्तव्य नसलेलं हवं. कर्तव्य असून केलं नाही तर तो कामचुकार झाला, त्याला वेगळे शेरे असतात. सव्वासहाला फाटक उघडून दोन गाड्या आत घेणं कुठल्याच नियमात बसत नाही. उघडलं तर ते सौजन्य. न उघडणारा चूक नाही, पण डिसऑब्लायजिंग आहे. हा शब्द कर्तव्य आणि मेहेरबानी यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर राहतो.

आता गंमत अशी, की मालधक्क्यावरची सगळी चिरीमिरीही याच पट्टीवर चालते. वेळ टळल्यावर माल आत घेणं, बिल्टी आजच्या तारखेची देणं, धक्क्यावर पडून राहिलेल्या गाठींचं वारफेज, म्हणजे जागा अडवल्याचा आकार, कानाआड करणं. पहिल्यांदा सौजन्य, दुसऱ्यांदा सवय आणि तिसऱ्यांदा पाकीट. तेव्हा साहेबाने लिहिलेला ‘डिसऑब्लायजिंग’ हा व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून आला असेल, आणि व्यापाऱ्यांची तक्रार तात्या पाकीट घेत नाहीत हीच असेल, असं नातवांचं पुढचं म्हणणं. ‘म्हणजे शेवटी गौरवच ना?’

युक्तिवाद चांगला होता. मी म्हटलं, ‘घडी उलगडून पुन्हा फोटो पाठवा.’

घडीतली ओळ

दुसऱ्या फोटोत उरलेला शेरा दिसला: ‘शुड बी केप्ट ऑन गुड्स. नॉट सूटेड टू कोचिंग.’

नातवांनी ती ओळ वाचलेली होती, पण सोडून दिली होती. ‘ते शिकवण्याबद्दल आहे,’ ते म्हणाले. ‘हाताखालच्या पोरांना शिकवायला तात्यांना वेळ नसेल. ते कशाला छापायचं?’

इथे मला बरं वाटलं, कारण हे मला ठाऊक होतं. माझे वडील रेल्वेत होते. रेल्वेच्या भाषेत ‘कोचिंग’ म्हणजे प्रवासी वाहतूक. कोच म्हणजे डबा. ज्यात माणसं बसतात ते कोचिंग, ज्यात माल जातो ते गुड्स. ‘कोचिंग क्लार्क’ म्हणजे तिकीट खिडकीवरचा, पार्सल-लगेजचा कारकून. आपल्या कानावर आज क्लासेसच्या जाहिरातींचं ‘कोचिंग’ आदळतं, म्हणून घोटाळा.

तेव्हा साहेब म्हणत होता: या माणसाला मालावरच ठेवा, प्रवाशांसमोर बसवू नका. आता ‘डिसऑब्लायजिंग’चा रोख स्पष्ट झाला. तिकीट खिडकीवर वारफेज माफ करायचं नसतं, वाघिणींची चोरटी वाटणी नसते. तिथे बिऱ्हाड घेऊन आलेला माणूस विचारतो, ‘साहेब, नागपूरची गाडी कुठल्या फलाटावर?’, आणि त्याला उत्तर कसं मिळतं एवढाच प्रश्न असतो. शेरा वागण्याच्या तऱ्हेबद्दल होता, सचोटीबद्दल नव्हता. सचोटीचं काय ते त्याच ओळीत ‘ऑनेस्ट’ म्हणून आधीच लिहिलेलं होतं, आणि त्याच्यापुढे ‘बट’ होता. प्रामाणिकपणाची स्तुती चालू ठेवायची असती तर ‘अँड’ आला असता. भाषांतरात नावं, नामं, विशेषणं सगळे जपतात; ‘पण’ मात्र सर्रास सांडतो. घरच्यांच्या मजकुरात तो ‘व’ झाला होता.

आणखी एक पुरावा त्या काळच्या चिठ्ठ्यांतला. साहेब लोक बदलून जाताना खानसाम्याला, बटलरला, माळ्याला शिफारसपत्र देत. त्यांना ते ‘चिट’ म्हणत, आणि तो शब्द त्यांनी आपल्याकडूनच उचललेला: चिठ्ठी. या चिठ्ठ्यांची भाषा ठोकळेबाज असे. ऑनेस्ट, सोबर, सिव्हिल अँड ऑब्लायजिंग. चोरी करत नाही, पीत नाही, अदबीने वागतो आणि सांगितलेलं हसत करतो. चार खणांचा डबा होता तो. साहेबाने तात्यांच्या बाबतीत पहिला खण भरला आणि शेवटच्यावर उलटी खूण केली. शब्द त्याने शोधून काढलेला नव्हता, हाताशी असलेला उचलला.

हाही प्रश्न मला काही दिवस छळत होता, की ‘ऑब्लायजिंग’पणा कृतीत असतो की नुसता चेहऱ्यावर. कवी अलेक्झांडर पोपच्या १७३५ साली छापलेल्या एका कवितेत लेखक ॲडिसनवर एक टोला आहे: इतका ऑब्लायजिंग, की त्याने कुणाला कधी ऑब्लाइज केलंच नाही. आपण म्हणू, तोंडाने साखर आणि हाताने काही नाही. मग उलटा माणूसही असू शकतो. हाताने करणारा आणि तोंडाने कडू. तात्या यांतले कोण, हे शेऱ्यावरून कळत नव्हतं.

मराठी शब्दाचा शोध

अर्थ लागला तरी शब्द लागत नव्हता. पहिला हात जातो ‘असहकारी’कडे, आणि तोच सगळ्यात धोकादायक. १९२० साली नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव कायम झाला, आणि तेव्हापासून हा शब्द गांधींच्या चळवळीचा झाला. १९३८ सालच्या सरकारदरबारच्या कागदात ‘असहकारी’ असं मराठीत आलं तर वाचणारा हमखास समजणार की तात्या खादी घालून रेल्वेच्या नोकरीत बंड करत होते. नातवांना हा शब्द मी सहज बोलून दाखवला तर त्यांचा आवाजच बदलला. ‘हे छान आहे, मॅडम!’ मी लगेच मागे घेतला. शिवाय आज महाराष्ट्रात ‘सहकारी’ म्हटलं की साखर कारखाना आणि बँक आठवते. ‘असहकारी’ म्हणजे बिगरसाखर असंही कुणी समजेल.

‘अडवणूक करणारा’ तर अजिबात नको. मराठीत अडवणूक होते ती पैशासाठी. कचेरीत अडवणूक झाली म्हणजे टेबलाखालून काही सरकवल्याशिवाय फाईल हलली नाही. प्रामाणिक माणसाच्या नावापुढे हा शब्द लावणं म्हणजे त्याला आपल्या हाताने लाचखोर करणं.

‘आडमुठा’ आणि ‘हेकेखोर’ यांना वाद लागतो. दोन बाजू हव्यात, ताणाताणी हवी. तिकीट खिडकीवर वाद नसतो. ‘उर्मट’ जास्त झाला, साहेबाला तसं म्हणायचं असतं तर ‘इन्सोलंट’ होता आणि त्याची शिक्षाही होती. ‘तिरसट’मध्ये राग आहे. ‘फटकळ’ माणूस निदान बोलतो तरी. ‘खडूस’ नेमका बसतो, हे माझ्या मुलीचं मत. बसतो खरा, पण १९३८ सालच्या सर्व्हिस शीटमध्ये खडूस! ‘तुसडा’ मात्र मला खूप जवळचा वाटला. कुसळासारखा टोचणारा, जवळ येऊ न देणारा. आठवडाभर खर्ड्यात मी ‘तुसडा’च ठेवला होता. अडचण एकच. तुसडेपणात माणूसघाणेपणासुद्धा असू शकतो, आणि त्यात विनंतीचा, भिडेचा काही संबंध येत नाही.

आणि इथे ‘भीड’ हा शब्द माझ्या हाती आला, खरं तर तोंडातून निसटला. फोनवर कुणाला तरी म्हणाले, ‘भिडेखातर हो म्हटलं गं’, आणि थांबले.

भीड म्हणजे समोरच्याला नाही म्हणताना वाटतो तो संकोच. ओळखीचा माणूस सव्वासहाला दोन गाड्या घेऊन उभा आहे, त्याला कसं नाही म्हणायचं? ही भीड. ती ज्याला फार, तो भिडस्त. मराठी समाजाला तिच्याबद्दल कधीच एक मत ठरवता आलेलं नाही. एकीकडे ‘भीड भिकेची बहीण’ म्हणून मुलांना शिकवायचं, की लोकांचं मन राखत बसलास तर कंगाल होशील. दुसरीकडे ज्याला भीड नाही त्याला माणूसघाणा म्हणायचं. म्हणजे साहेबाचा गुण आणि आपला गुण इथे वेगळे होतात. ‘ऑब्लायजिंग’ ही इंग्रजीत निखळ स्तुती. ‘भिडस्त’ ही आपल्याकडे अर्धी कीव.

भिडेला एक जोडीदार आहे: मुर्वत. अरबी ‘मुरुव्वत’ फारसीतून आपल्याकडे आला. मुळात पुरुषार्थ, औदार्य. मराठीत येईतो दुसऱ्याचं मन राखणं, त्याची पत्रास ठेवणं. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘भीडमुर्वत’ जोडीनेच यायचं. ‘बेमुर्वतखोर’ अजून वर्तमानपत्रांत दिसतो, पण तो आता उद्दामपणाकडे सरकला आहे आणि बहुधा पुढाऱ्यांसाठी राखीव आहे. ‘भीडमुर्वत न ठेवणारा’ एवढ्यावर थांबलं तर मात्र नेमकं तेच येतं जे साहेबाला म्हणायचं होतं. विनंती करणाऱ्याचं मन न राखणारा. आणि त्यातच नातवांना हवा होता तोही अर्थ मागून डोकावतो, की हा माणूस भिडेला बळी पडत नसे. एका शब्दात दोन्ही, आणि कुणाची फसवणूक नाही.

आत्यांची संत्री

शब्द ठरला तरी मला तो कुणाकडून तरी तपासून घ्यायचा होता. तात्यांच्या धाकट्या कन्या हयात आहेत, नव्वदीच्या घरातल्या. नातवांनी त्यांना फोन लावून दिला. ‘अगं, तू कुणाची?’ इथून सुरुवात झाली. माझं माहेर, आजोळ, सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, तात्या कसे होते?

त्यांनी एक संध्याकाळ सांगितली. त्या सहा-सात वर्षांच्या असतील. रेल्वेच्या क्वार्टरच्या ओट्यावर कंदील घेऊन एका पेढीचे मुनीम आले. बरोबर गडी, गड्याच्या डोक्यावर संत्र्यांची करंडी. गाठी उघड्यावर होत्या आणि पावसाची लक्षणं होती. धक्का उघडून माल आत घ्यावा एवढंच म्हणणं. तात्या झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबला नाही. ‘सकाळी सातला,’ ते म्हणाले. मुनीम बराच वेळ उभे राहिले. मग गड्याने करंडी ओट्यावर ठेवली. तात्यांनी झोपाळ्यावरूनच बोट दाखवून ती परत उचलायला लावली.

‘आम्ही भावंडं दारामागे,’ आत्या म्हणाल्या. ‘संत्र्यांचा वास घरभर. परत पाठवली ते बरोबरच केलं हो. आई पण कधी काही बोलली नाही त्यावर. पण एवढ्या लांबून आलेला म्हातारा माणूस, त्याला बस म्हणाले नाहीत. पाणी विचारलं नाही.’

नंतर पाऊस आला का, मी विचारलं. ते त्यांना आठवत नव्हतं. संत्री आठवत होती.

साहेबाचा सगळा शेरा त्या एका संध्याकाळीत होता. करंडी परत गेली म्हणजे ‘ऑनेस्ट’. पाणी विचारलं नाही म्हणजे ‘डिसऑब्लायजिंग’. आणि दोहोंच्या मधला ‘बट’ आत्यांच्या बोलण्यात ‘पण’ होऊन आला, त्यांनी शेरा पाहिलेला नसताना.

छापील ओळ

मी मजकूर पाठवला: ‘प्रामाणिक व कष्टाळू, पण लोकांची भीडमुर्वत न ठेवणारे. यांस मालाच्या कामावरच ठेवावे. प्रवासी वाहतुकीच्या कामास योग्य नाहीत.’ सोबत अर्ध्या पानाचं टिपण, वरचं सगळं थोडक्यात. नातवांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग त्यांचा फोन आला. माणूस समजूतदार. ‘तुम्ही म्हणता ते पटतंय. आत्या म्हणते म्हणजे असेलच तसं. फक्त प्रवासी वाहतुकीचं वाक्य गाळूया का? चार ओळींत बसत नाही.’ पुस्तक त्यांचं, पूर्वज त्यांचे. मी हरकत घेतली नाही. ‘पण’ तेवढा ठेवा म्हटलं. त्यांनी शब्द दिला आणि पाळला.

मुद्रितं तपासायला घरातली तरुण मंडळी होती. ‘मुर्वत’ त्यांना मुद्रणदोष वाटला. कुणीतरी लाल शाईने तो खोडून ‘भीडभाड’ केलं. चूक म्हणता येत नाही, दोन्ही शब्द सख्खे शेजारी. पण आज ‘कुणाचीही भीडभाड न ठेवता’ म्हटलं की आपल्याला संपादक आठवतात, सभा गाजवणारे वक्ते आठवतात. तो शब्द केव्हाच शौर्याच्या बाजूला गेला आहे. मला हे कळलं तोवर पुस्तक बांधणीला गेलं होतं. छापलं गेलं ते असं: ‘प्रामाणिक व कष्टाळू, पण लोकांची भीडभाड न ठेवणारे होते.’ वाक्यात ‘पण’ आता उगाचच उभा आहे, ओट्यावरच्या मुनिमांसारखा.

आत्यांना पुस्तक वाचून दाखवलं तेव्हा नातवांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. तात्यांच्या ओळी झाल्या. पलीकडे थोडा वेळ पंख्याचा आवाज.

‘पाण्याचं नाही लिहिलं वाटतं,’ आत्या म्हणाल्या, आणि पुढचं पान उलटायला सांगितलं.